मोर्तब

क्यू गार्डन्स स्टेशनवरून दहा मिनिटं चाललं
की तळ्यापलीकडे काँक्रीटची इमारत,
काठावर बगळा, ठरलेला.
पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल आत न्यायची,
हात धुऊन नीट कोरडे करायचे.
हातमोजे घालू देत नाहीत इथे.
बोटांना कागद कळतो, असं शर्ली म्हणते,
तीस वर्षं फाटलेलंच जोडत आलीय ती.

आज टेबलावर सतराशे छप्पन साल.
बॅरन फॉन श्ट्राइटहोर्स्ट याची पत्रं.
लंडनमधला एका जर्मन दरबाराचा वकील,
म्हणजे आपल्या बखरीतला वकील,
खलिता, नजराणा, आणि ओठात एक पोटात एकवाला.
दरबार एवढासा
की नकाशावर तीळ पडला तर झाकला जावा.

पत्रं त्यानं धन्याला लिहिली, धन्याला ती पोचलीही.
फक्त जाता जाता, मंगळवारी नि शुक्रवारी,
टपालाची थैली लोम्बार्ड स्ट्रीटच्या मागल्या खोलीत
एका मेणबत्तीपुरती टेकायची.
खोलीत चुलीवर वाफेचं भांडं, दोन नक्कलनवीस,
आणि गॉटहिल्फ ल्यूडर्स,
हॅनोव्हर सोडून आलेला,
कुणाचीही मोहर रात्रीतून कोरून देणारा.
लाख सोडवायची, नक्कल उतरवायची,
पुन्हा लाख, पुन्हा मोहर.
पहाटे थैली डोव्हरच्या रस्त्याला.

माझ्यापुढे आहेत त्या नकला.

मार्चच्या पत्रात बॅरन लिहितो:
इथली थंडी हाडात शिरते,
लोकरीचे मोजे पाठवा. बारा जोड.
राखाडी असतील तर बरे.

झालं. खोलीत खळबळ.
बारा म्हणजे पलटणी का? राखाडी कुणाचा गणवेश?
जोड म्हणजे कोण कुणाला जाऊन मिळणार?
तीन आठवडे ते मोजे मोजत बसले.
समासात आकडे, खाडाखोड, एका राजधानीचं नाव, पुढे प्रश्नचिन्ह,
आणि एप्रिलअखेर वेगळ्या, थकलेल्या अक्षरात:
मोजे म्हणजे मोजेच.

तोवर तिकडे युरोपनं कूस बदलली होती.
पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या वाऱ्याला न थांबणारे
व्हिएन्ना आणि पॅरिस
मे महिन्यात व्हर्सायला एका कागदावर आले.
बॅरनच्या पत्रांत त्याचं अक्षर नाही.
त्याला ठाऊकच नव्हतं.
ज्यांनी त्याची पत्रं फोडली
त्यांनी त्याचं अज्ञान सुवाच्य उतरवून घेतलं,
वर तारीख घातली.

ऑगस्टमधलं शेवटचं.
प्रशियाची फौज सॅक्सनीत शिरायला आठवडा उरलाय.
बॅरन द्राक्षांबद्दल लिहितो,
भाड्याबद्दल, धाकटीच्या दाताबद्दल.
मग सही करून, खाली:
"हे जो वाचतो आहे त्याला सलाम.
मागच्या खेपेला आमचं हरीण तिरकं बसलं होतं.
माझ्या बायकोला तिकडे कळलं.
एवढं जरा पाहावं."

नक्कलनवीसानं हेही उतरवलं. इमानाने,
स्वल्पविरामासकट.
हसला असेल का? की ही ओळसुद्धा
सांकेतिक लिपीवाल्याकडे धाडली असेल?

मागच्या महिन्यात आईनं मिरजेहून धाडलेल्या मेतकुटाला
कस्टमची पिवळी पट्टी होती, वाकडी चिकटवलेली.
मी ती तशीच ठेवलीय, का कुणास ठाऊक.

मूळ पत्र माझ्याकडे नाही.
असलंच तर जर्मनीत कुठल्याशा पेटीत,
किंवा एखाद्या महायुद्धात जळालेलं.
मोहर कशी उमटली हे कळायला वाट नाही,
म्हणत नक्कल उलटी केली, मागचा डाग पाहायला.

डाग नव्हता. लाख होती.
कोपऱ्यात, नखाएवढे तीन ठिपके.
पहिल्यात हरीण उताराला लागलेलं.
दुसऱ्यात मागचे पाय जरा वर.
तिसऱ्यात
चारही खूर जमिनीवर.

शर्लीला हाक मारली नाही लगेच.
आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी असायचं ना,
मोर्तब सूद,
ते मोठ्यानं म्हटलं.
समोरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं
भिंगातून डोळा काढून पाहिलं,
आणि पुन्हा भिंगात घातला.